साडेसोळा मिलिमीटर : आगगाडीच्या प्रतिकृतींच्या इतिहासातील एक तडजोड

१

आगगाडीच्या लहान प्रतिकृती हा विषय इतिहाससंशोधनाच्या कक्षेत सहसा घेतला जात नाही. मुलांचे खेळणे किंवा प्रौढांचा छंद एवढीच त्याची संभावना होते. तथापि ज्या वस्तूचे उत्पादन शतकाहून अधिक काळ अखंड चालू आहे, जिच्यासाठी स्वतंत्र नियतकालिके निघाली, मापे ठरली आणि त्या मापांवरून कडाक्याचे वाद झाले, ती वस्तू आपल्या काळाविषयी काही साक्ष देत असली पाहिजे, हे उघड आहे. इंग्लंडात रूढ झालेल्या एका विशिष्ट मापाचा मागोवा घेऊन ही साक्ष कशी वाचावी, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. ते माप म्हणजे साडेसोळा मिलिमीटर.

प्रारंभी दोन संज्ञा स्पष्ट करणे इष्ट होईल. दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर म्हणजे गेज; आणि मूळ वस्तूच्या एका फुटास प्रतिकृतीत जेवढे मिलिमीटर दिले असतील ते तिचे प्रमाण. ज्या प्रतिकृतीत गेज आणि प्रमाण एकमेकांशी जुळतात ती भूमितीच्या दृष्टीने खरी. इंग्लंडातील बहुसंख्य प्रतिकृतींत ती जुळत नाहीत, आणि ही गोष्ट करणाऱ्यांस व घेणाऱ्यांस पहिल्यापासून ठाऊक आहे. ठाऊक असलेली चूक इतकी वर्षे का टिकली, हाच खरा ऐतिहासिक प्रश्न होय.

२

इंजिनाची प्रतिकृती मूळ इंजिनाच्या मागून आली, असा आपला सहज समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. विल्यम मर्डॉकने कॉर्नवॉलमधील रेडरुथ येथे १७८४ साली वाफेवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीची लहान प्रतिकृती चालवून दाखविली. तिच्यावरून मोठी गाडी व्हावयाची राहूनच गेली. रिचर्ड ट्रेव्हिथिकनेही प्रथम लहान नमुने केले आणि मग १८०४ साली वेल्समधील पेनिडॅरन येथे त्याचे इंजिन रुळांवरून धावले. म्हणजे आरंभी प्रतिकृती ही प्रयोगाचे साधन होती. ती कशाची नक्कल नव्हती. लोहमार्ग सर्वत्र पसरले आणि आगगाडी लोकांच्या नित्य परिचयाची झाली, तेव्हाच तिची नक्कल विकत घेणारा वर्ग निर्माण झाला.

या व्यापाराला शिस्त लावण्याचे श्रेय जर्मनीकडे जाते. गॉपिंगेन येथील मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रूळ, सांधे आणि गाड्या यांचा परस्परांशी जुळणारा संच मांडला आणि गेजांना क्रमांक दिले. तोवर खेळण्यातली गाडी ही एकटी वस्तू होती. आता तिचे कुटुंब झाले. आज डबा घ्यावा, पुढल्या वर्षी सांधा घ्यावा, आणि तो जुन्या रुळास बिनचूक बसावा, ही सोय ग्राहकाला मिळाली. परंतु याच सोयीत पुढच्या अडचणीचे बीज होते. एकदा ठरलेले माप बदलावयाचे म्हणजे घरोघरी अंथरलेले रूळ निकामी ठरवावयाचे, हे कोणत्याही विक्रेत्याला परवडण्यासारखे नव्हते.

इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक याने १८९९ साली आपला व्यवसाय सुरू केला आणि जर्मन कारखान्यांकडून इंग्रजी इंजिनांसारखी दिसणारी इंजिने करवून घेतली. त्याचा सल्लागार हेन्री ग्रीनली हा मापे ठरविण्यात निष्णात होता. त्याआधी एक वर्ष, १८९८ मध्ये, पर्सिव्हल मार्शल याने ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक काढले होते. लेथ, कानस आणि झाळकामाची शेगडी घरी बाळगणाऱ्या कारागीर व कारकून वर्गाला त्यामुळे एक व्यासपीठ लाभले. विकत घेणारा आणि स्वतः घडविणारा असे दोन प्रवाह येथून शेजारी शेजारी वाहू लागतात.

३

पहिल्या महायुद्धानंतर लहान घरांना परवडेल, जेवणाच्या मेजावर मांडता येईल, अशा गाडीची गरज भासू लागली. तेव्हाच्या रूढ ‘ओ’ गेजचे, म्हणजे ३२ मिलिमीटरांचे, अर्धे करून न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीने १९२२ साली मेजावरची आगगाडी बाजारात आणली. इंग्लंडात ती बॅसेट-लोकने विकली. या अर्ध्या मापाचे गेज पुढे साडेसोळा मिलिमीटरांवर स्थिर झाले.

साडेसोळा मिलिमीटरांत ४ फूट साडेआठ इंच हे खरे गेज बसवावयाचे तर प्रमाण फुटास साडेतीन मिलिमीटर येते, आणि युरोप-अमेरिकेने तेच ‘एच-ओ’ या नावाने स्वीकारले. इंग्लंडात मात्र अडचण आली. जगात लोहमार्ग प्रथम बांधणाऱ्या या देशाचे पूल आणि बोगदे अरुंद आहेत. त्यामुळे तेथील इंजिन सुमारे ९ फूट रुंद, तर खंडातील इंजिन दहा फुटांहून अधिक. साडेतीन मिलिमीटरांच्या प्रमाणात इंग्रजी इंजिनाची रुंदी साडेएकतीस मिलिमीटर भरते, आणि त्याचा बॉयलर तर याहूनही बारीक. त्या काळची विजेची मोटर त्यात मावेना. तेव्हा गेज तसेच ठेवून वरचे अंग फुटास चार मिलिमीटर या प्रमाणात करावे, असा तोडगा निघाला. हेच ‘डबल-ओ’. यात साडेसोळा मिलिमीटर म्हणजे ४ फूट दीड इंच होतात. अर्थात प्रत्येक इंग्रजी गाडी सात इंच अरुंद पायावर उभी राहिली.

या तोडग्याला दुसरेही एक कारण होते आणि ते चाकांत आहे. खऱ्या चाकाची धाव सुमारे साडेपाच इंच रुंद. चार मिलिमीटरांच्या प्रमाणात ती दोन मिलिमीटरही भरत नाही. खेळण्याच्या ओबडधोबड रुळांवर गाडी टिकावी म्हणून कारखान्यांनी धाव जाड आणि तिची आतली कड उंच ठेवली. अशी जाड चाके खऱ्या गेजवर बसविली तर ती बाहेरच्या बाजूस इतकी सरकतात की इंजिनाचे सिलिंडर आणि दांडे यांना जागा उरत नाही. रूळ अरुंद ठेवले की जाड चाक आत सामावते. एका दोषाने दुसरा दोष झाकला गेला. १९३८ साली हॉर्नबी डब्लो ही ओतीव धातूच्या इंजिनांची मालिका निघाली आणि १९५० नंतर ट्रायंगची प्लास्टिकची स्वस्त इंजिने घरोघर पोहोचली. दोहोंनी साडेसोळाच मिलिमीटर स्वीकारले. तडजोडीचा आता प्रघात झाला.

४

स्वतः घडविणाऱ्यांना हे रुचले नाही. त्यांनी प्रथम गेज १८ मिलिमीटरांवर नेले. या ‘ई-एम’ पंथाची संस्था १९५५ साली स्थापन झाली. १९६६ मध्ये काही अभ्यासूंनी तडजोड मुळीच न करण्याचे ठरवून ‘प्रोटोफोर’ ही मापावली प्रसिद्ध केली. तिच्यात गेज १८.८३ मिलिमीटर, आणि धावेची रुंदी, कडेची उंची, सांध्यातील फट ही सारी मूळ मापांवरून हिशेबाने काढलेली होती.

अंकगणिताने प्रश्न सुटला, परंतु यंत्राने नवा प्रश्न उभा केला. चाकाची कड बारीक झाली की एकही चाक क्षणभर अधांतरी राहून चालत नाही. गाडी तात्काळ घसरते. तीन पायांची तिवई कोणत्याही जमिनीवर डगमगत नाही, चार पायांचे मेज डगमगते. याच तत्त्वावर इंजिनाचा सांगाडा तीन बिंदूंवर तोलावा लागला किंवा प्रत्येक आसाला स्वतंत्र स्प्रिंग द्यावी लागली. ज्याला हे साधले त्याचे इंजिन नितांतसुंदर चाले; पण असे साधणारे थोडे. बाकीच्यांनी बाजारातील सांगाडा तसाच ठेवून वरचे अंग सुधारण्याचा मार्ग पत्करला. ओतीव उठावाचे कठडे तासून त्या जागी तारेचे कठडे लावावेत, धुराडे बदलावे, वाघिणीच्या तळाशी ब्रेकचे दांडे बसवावेत, असे हे काम. विल्ससारख्या कंपन्यांनी तर कथिल-शिशाच्या मिश्रधातूची वरची अंगे ट्रायंगच्या तयार सांगाड्यावर बसतील अशा बेतानेच विकली. अर्थात कोणत्या इंजिनाची प्रतिकृती व्हावी हे पुष्कळदा मूळ इंजिनाच्या महत्त्वापेक्षा बाजारातील सांगाड्याच्या चाकांमधील अंतरावर ठरू लागले.

भूमितीची अचूकता हेच सर्वस्व नव्हे, हे वाफेच्या लहान इंजिनांच्या इतिहासावरून दिसते. १९२२ पासून ‘मॉडेल इंजिनिअर’च्या पानांवर बॉयलरांविषयी एक गाजलेला वाद झाला. स्पिरिटच्या दिव्याने तापणारा बॉयलरच लहान इंजिनास योग्य, असा व्यापारी मंडळींचा आग्रह होता. ‘एल. बी. एस. सी.’ या नावाने लिहिणाऱ्या कारागिराने, कोळशावर चालणारे अडीच इंच गेजचे इंजिन जिवंत माणसास ओढू शकते, असे म्हटले आणि १९२४ च्या प्रदर्शनात आपल्या ‘आयेशा’ या इंजिनाने ते सिद्ध केले. त्याच्या यशाचे मर्म मापे मोडण्यात होते. लांबी दहावा हिस्सा केली की पृष्ठफळ शंभरावा आणि घनफळ हजारावा हिस्सा होते. उष्णतेचा व्यवहार त्याच प्रमाणात लहान होत नाही. बॉयलरातील नळ्या हिशेबाने बारीक केल्या तर त्या काजळीने तुंबतात. म्हणून त्याने नळ्या संख्येने कमी व व्यासाने मोठ्या ठेवल्या. बाहेरून इंजिन खरे दिसले, कारण आतून ते खऱ्यासारखे नव्हते.

५

आता मूळ मुद्द्याकडे वळू. प्रतिकृतीचा मूळ वस्तूशी असलेला फरक हा केवळ दोष नसून पुरावाही आहे. तो सात इंचांचा फरक १९२० नंतरच्या मोटरीचा आकार, पत्र्याच्या रुळांचा ओबडधोबडपणा आणि इंग्रजी पुलांची अरुंदी, एवढ्या गोष्टी सांगतो. हॉर्नबीने एकच पत्र्याचे इंजिन चार रेल्वे कंपन्यांच्या चार रंगांत विकले, यावरून त्या इंजिनांविषयी काहीच कळत नाही. परंतु १९२३ च्या एकत्रीकरणानंतर ग्राहकाची निष्ठा आपल्या प्रांताच्या कंपनीशी किती जडली होती, ते मात्र कळते.

असे असल्यामुळे प्रतिकृतीत केलेली प्रत्येक दुरुस्ती दुधारी ठरते. हॉर्नबी डब्लोची गाडी मुळात तीन रुळांवर चाले. मधला रूळ विजेसाठी असे. १९५९ साली कंपनीने दोन रुळांची पद्धत आणली, तेव्हा हजारो घरांत जुनी इंजिने होती. अनेकांनी चाके काढून विद्युतरोधक चाके बसविली, मधल्या रुळावरून वीज घेणारी पट्टी कापून टाकली आणि इंजिन नव्या रुळांवर चालू केले. मालकाच्या दृष्टीने इंजिनाला नवा जन्म मिळाला. अभ्यासकाच्या दृष्टीने १९३८ ची विद्युत्‌रचना त्या नगापुरती पुसली गेली. उलट, आज एखादा संग्राहक त्याच इंजिनाला जुनी चाके लावून ‘मूळ रूप’ देतो, तेव्हा १९६० च्या सुमारास एका घरगुती कारागिराने केलेले काम नाहीसे होते. या दोहोंपैकी कोणते रूप जतन करावे, यास सर्वत्र लागू पडेल असे उत्तर नाही. मात्र बदलापूर्वी छायाचित्र व मापे घ्यावीत, काढलेले भाग टाकून न देता वस्तूसोबत ठेवावेत आणि बदलाचा दिनांक नोंदवावा, एवढी शिस्त प्रत्येक संग्रहाने पाळण्यास हरकत नसावी. हस्तलिखितावरील नंतरच्या हाताची दुरुस्ती आपण खोडून काढीत नाही; ती कोणत्या हाताची आहे हे टीपेत देतो. येथेही तोच न्याय लावावा.

६

या प्रश्नाचा आपल्याकडेही संबंध पोहोचतो. पुण्यात जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांस खुले आहे आणि हौसेने इंजिने घडविणारेही महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यापुढील गणित इंग्लंडहून कठीण आहे. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे मार्ग सुरू झाला तो ५ फूट ६ इंच गेजवर. चार मिलिमीटरांच्या प्रमाणात हे गेज २२ मिलिमीटर आणि साडेतीनच्या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर येते. परंतु तयार चाके, सांधे व मोटरी सहज मिळतात त्या साडेसोळा मिलिमीटरांच्याच. त्या वापरल्या तर भारतीय ब्रॉडगेज इंजिन पहिल्या प्रमाणात १ फूट साडेचार इंच आणि दुसऱ्या प्रमाणात नऊ इंचांहून अधिक अरुंद पायावर उभे राहते. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीची गत उलटी. तिचे २ फूट गेज चार मिलिमीटरांच्या प्रमाणात ८ मिलिमीटर होते. बाजारात मिळतो तो ९ मिलिमीटरांचा रूळ, म्हणजे ती तीन इंच अधिक रुंद होते. एकाच हौशी माणसाच्या मेजावर नेरळ स्थानकात या दोन गाड्या शेजारी आल्या तर मोठी आखडलेली आणि धाकटी फैलावलेली, असे दृश्य दिसेल. आणि दोन्ही चुका त्याच्या हातच्या नसून परक्या बाजाराने त्याला दिलेल्या असतील.

भारतातील वाफेची बहुतेक इंजिने मोडीत निघाली आहेत. त्यांपैकी अनेक घडविणारी ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश कंपनी १९६२ मध्येच बंद पडली. जुन्या कामगारांच्या आठवणी, कारखान्यांची रेखाचित्रे आणि हौशी लोकांनी उभ्या इंजिनावर फूटपट्टी लावून घेतलेली मापे, यांवर यापुढील इतिहासलेखनाला बरेचसे अवलंबून राहावे लागेल. म्हणून येथील प्रतिकृतिकारांनी गेज कोणतेही वापरावे, तडजोड अवश्य करावी. पण आपण कोठे, किती आणि का चुकीचे माप घेतले हे इंजिनाच्या तळाशी चिकटविलेल्या एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. इंग्लंडातील साडेसोळा मिलिमीटरांची कहाणी आज सांगता येते ती भांडणारे लोक मापे लिहून भांडले म्हणून. आजही तेथील बाजारात चार मिलिमीटरांच्या प्रमाणाची तयार गाडी साडेसोळा मिलिमीटरांवरच धावते. ती चूक दुरुस्त झाली नाही, परंतु तिची कारणे हरवली नाहीत. आणि इतिहासाच्या दृष्टीने यांतील दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे.