रायफलीच्या काडतूसकोठीची फेरकोरणी

रायफलीच्या नळीच्या मागील टोकास काडतूस बसण्यासाठी जी पोकळी कोरलेली असते, तिला काडतूसकोठी किंवा चेंबर असे म्हणतात. ही कोठी रीमर या कापणीच्या हत्याराने मोठी करून तीत निराळ्या, बहुधा अधिक दारू मावणाऱ्या काडतुसाची सोय करणे म्हणजे काडतूसकोठीची फेरकोरणी होय. नळी, तिचा अंतर्व्यास व आटे तेच राहतात. बदलते ती केवळ मागील काही सेंमी. लांबीची पोकळी. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या कामाचा परिणाम रायफलीतील दाब, गोळीचा वेग, खांद्याला बसणारा धक्का, नळीचे आयुष्य व हत्याराचे मोल या सर्वांवर होतो. आणि कापलेले पोलाद परत जोडता येत नसल्याने ही क्रिया सहसा मागे घेता येत नाही. त्यामुळे विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, लांब पल्ल्याची शिकारी रायफल नव्याने विकत घेणाऱ्यापुढे ती फेरकोरून घ्यावी की आहे तशीच ठेवावी, हा प्रश्न वारंवार उभा राहिला.

तांत्रिक अटी : फेरकोरणीने धातू काढता येतो, वाढविता येत नाही. म्हणून नवी कोठी जुन्या कोठीपेक्षा प्रत्येक ठिकाणी मोठी किंवा निदान तेवढीच असावी लागते. तशी ती नसल्यास नळी पाठीमागून थोडी कापून व नव्याने आटे पाडून पुढे-मागे बसवावी लागते. दोन्ही काडतुसांच्या गोळीचा व्यास एकच असला पाहिजे. पुंगळीच्या बुडाचा व्यास निराळा असेल, तर बोल्टचे तोंड व पुंगळी ओढणारा आकडा हेही बदलावे लागतात; काडतुसाची एकूण लांबी वाढली, तर मॅगझिन अपुरे पडते. सर्वांत नाजूक बाब म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस ज्या जागी अडते त्या जागेपर्यंतचे अंतर. हे अंतर प्रमाणाबाहेर वाढल्यास बार उडताना पुंगळी ताणली जाऊन तुटते आणि तप्त वायू मागे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतात. कडा असलेले काडतूस कडेवर, कडाविरहित काडतूस खांद्यावर व पट्टायुक्त काडतूस बुडाजवळील पट्ट्यावर अडते.

लष्करी पूर्वेतिहास : मोठ्या प्रमाणावरील फेरकोरणीचे एक आरंभीचे उदाहरण अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड एम १९०३ या लष्करी रायफलीचे आहे. तिचे मूळ काडतूस १९०३ चे असून त्याची गोळी बोथट व जड होती. जर्मनीच्या अणकुचीदार गोळीस उत्तर म्हणून १९०६ साली हलकी टोकदार गोळी स्वीकारण्यात आली व पुंगळीची मान सु. १·८ मिमी.ने आखूड करण्यात आली. नवी कोठी जुनीपेक्षा लहान असल्याने नुसत्या फेरकोरणीने काम भागणारे नव्हते. तयार झालेल्या रायफली परत मागवून त्यांच्या नळ्या पाठीमागून सु. ५ मिमी. कापण्यात आल्या आणि मग कोठी नव्याने कोरण्यात आली. यातून सिद्ध झालेले ०·३०–०६ हे काडतूस पुढे अमेरिकेतील शिकारीचेही प्रमुख काडतूस ठरले.

याच सुमारास हिंदुस्थानात नेमका उलट अनुभव आला. सरहद्दीवरील बंडखोरांच्या हाती असलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना उपयोगी पडेल असा दारूगोळा मिळू नये, म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये ०·४५० इंच व्यासाच्या रायफली व काडतुसे हिंदुस्थानात व सूदानमध्ये आणण्यास बंदी घातली. वाघ, गवा व हत्ती यांच्या शिकारीस त्या वेळी याच व्यासाच्या दुनळी रायफली पसंत केल्या जात. येथे बदल हवा होता तो कोठीचा नसून गोळीच्या व्यासाचा. त्यामुळे फेरकोरणी कामास येईना. इंग्रज बंदूककारांनी ०·४६५, ०·४७० व ०·४७५ इंच व्यासांच्या काडतुसांचा आश्रय घेतला आणि हिंदुस्थानातील शिकाऱ्यांची मागणी या नव्या व्यासांकडे वळली. फेरकोरणीची मर्यादा या घटनेवरून चांगली स्पष्ट होते.

हॉलंड ते वेदरबी : शिकारी रायफलीच्या फेरकोरणीचे अभिजात उदाहरण ०·३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम या काडतुसाभोवती घडले. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कंपनीने १९१२ च्या आपल्या ०·३७५ मॅग्नमची पट्टायुक्त पुंगळी चिंचोळी करून १९२५ मध्ये ते प्रचारात आणले. कॉर्डाइट या काड्यांच्या रूपातील दारूस सोयीची अशी ही पुंगळी लांब व निमुळती असून तिचा खांदा केवळ साडेआठ अंशांचा आहे. १९३५ साली कँप पेरी येथील १,००० यार्डांची विंबल्डन चषक स्पर्धा बेन कंफर्ट या नेमबाजाने या काडतुसावर जिंकली आणि अमेरिकेत त्याचा बोलबाला झाला. विंचेस्टर कंपनीने आपल्या मॉडेल ७० या रायफलीत त्याची सोय केली व लांब पल्ल्याची पुरी मॅग्नम रायफल प्रथमच सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली.

कॅलिफोर्नियातील रॉय वेदरबी (१९१०–८८) यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस याच पुंगळीचा निमुळतेपणा जवळजवळ काढून टाकला, खांदा पुढे सरकवून त्यास दुहेरी वक्रता दिली आणि ०·३०० वेदरबी मॅग्नम हे काडतूस तयार केले. तीत दारूसाठी दहा टक्क्यांहून अधिक जागा वाढली. प्रारंभीच्या काळात ग्राहकांच्या रायफली फेरकोरून देणे हा वेदरबी यांच्या व्यवसायाचा एक भाग होता. मॉडेल ७० त्यासाठी जणू घडविल्यासारखी होती : गोळीचा व्यास तोच, बुडाचा व्यास तोच, अडण्याचा पट्टा त्याच जागी आणि मॅगझिन मुळातच पुरेसे लांब. बोल्टला हात न लावता काम उरकत असे. शिवाय जुने हॉलंड काडतूस नव्या कोठीत झाडता येई. बाराच्या दाबाने त्याची पुंगळी फुगून नव्या आकाराची होई व ती पुन्हा भरून वापरता येई. कोलोरॅडोतील ट्रिनिडॅड येथे काम केलेले विख्यात बंदूक-कारागीर पी. ओ. ॲक्ली (१९०३–८९) यांनी हेच तत्त्व अनेक प्रचलित काडतुसांना लावले. त्यांची ‘सुधारित’ काडतुसे आजही त्यांच्याच नावाने ओळखली जातात.

लाभ व हानी : या फेरकोरणीचे आकर्षण समजण्यासाठी प्रसिद्ध आकडे पुरेसे आहेत. सु. ११·७ ग्रॅ. (१८० ग्रेन) वजनाच्या गोळीस हॉलंड काडतूस सेकंदास सु. ८७८ मी., तर वेदरबी काडतूस सु. ९८८ मी. वेग देते, म्हणजे वेगात सु. साडेबारा टक्क्यांची व नळीच्या तोंडाशी मिळणाऱ्या ऊर्जेत सु. २६ टक्क्यांची वाढ दिसते. तथापि ही तुलना फसवी आहे. काडतुसे स्वतः भरणाऱ्यांत रूढ असलेल्या एका ठोकताळ्यानुसार, दाब समान ठेवल्यास वेगातील शेकडा वाढ ही पुंगळीच्या घनफळातील शेकडा वाढीच्या सु. एक-चतुर्थांश असते. त्या हिशेबाने केवळ कोठी वाढविल्याने तीन-चार टक्क्यांचाच लाभ व्हावयास हवा. उरलेला वेग अधिक दाबातून येतो. कारखान्यात भरलेली हॉलंड काडतुसे तुलनेने सौम्य होती, तर वेदरबी काडतुसे प्रथमपासूनच चढ्या दाबाची होती. म्हणजे रायफलधारक विकत घेत असे ती मुख्यतः जागा नव्हे, तर दाब.

या दाबाची किंमत अनेक प्रकारे मोजावी लागते. धक्का वाढतो व त्यास दचकून नेम ढळण्याचा संभव असतो. कोठीच्या पुढील आटे अधिक दारूच्या ज्वाळांनी लवकर झिजतात. वेदरबी यांच्या स्वतःच्या रायफलींत गोळी आट्यांना भिडण्यापूर्वी तिला मोकळी धाव ठेवलेली असे व त्यामुळे आरंभीचा दाब आटोक्यात राही. निराळ्या रीमरने फेरकोरलेल्या रायफलीत ही धाव अपुरी राहिल्यास कारखान्याचे काडतूसही धोकादायक दाब निर्माण करू शकते. नळीवर नव्या काडतुसाचे नाव ठळकपणे कोरले नाही, तर रायफल दुसऱ्याच्या हाती गेल्यावर चुकीचे काडतूस भरले जाण्याची भीती असते. पुढे १९६४ पूर्वीच्या मॉडेल ७० रायफलींना संग्राहकांकडून मोठी मागणी आली, तेव्हा मूळ कोठी शाबूत असलेल्या हॉलंड रायफलींचे मोल वाढले व फेरकोरलेल्यांचे घटले.

कायदा व परीक्षण : यूरोपातील अनेक देशांत नळीचे परीक्षण सक्तीचे आहे. लंडन व बर्मिंगहॅम येथील परीक्षणगृहे नळीत वाढीव दाबाचे काडतूस उडवून तिच्यावर मुद्रा उमटवितात. ब्रिटनमध्ये या व्यवस्थेस १८६८ चा कायदा आधारभूत आहे. फेरकोरणीने जुनी मुद्रा निरर्थक होते व विक्रीपूर्वी नळीचे पुन्हा परीक्षण करावे लागते. अमेरिकेत असे सरकारी परीक्षण नाही. १९२६ मध्ये स्थापन झालेली उत्पादकांची संस्था काडतुसे व कोठ्या यांची मानके ठरविते. परंतु खाजगी कारागिराने केलेल्या कामाची जबाबदारी तो कारागीर व ग्राहक यांच्यावरच पडते.

भारतात एखाद्या कारखान्याने जुन्या नळीचा मोह टाळल्याचे उदाहरण इशापूरचे आहे. १९६२ च्या चीन-युद्धानंतर ७·६२ मिमी. काडतूस वापरणाऱ्या ली-एन्फील्ड पद्धतीच्या रायफलींची गरज भासली, तेव्हा इशापूरच्या रायफल कारखान्याने ०·३०३ च्या जुन्या रायफली न फेरकोरता अधिक बळकट पोलादाच्या नव्या रायफली घडविल्या. दोन्ही काडतुसांच्या गोळ्यांचा व्यास भिन्न व नव्या काडतुसाचा दाब अधिक असल्याने तोच मार्ग योग्य होता. नागरी हत्यारांबाबत १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्राचे रूपांतर हा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने व त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकार संपुष्टात आल्यामुळे येथे हा प्रश्न आता प्रामुख्याने नेमबाजी व जुनी हत्यारे यांपुरताच उरला आहे.

नंतरच्या घडामोडी : १९६३ मध्ये विंचेस्टरने ०·३०० विंचेस्टर मॅग्नम हे अधिक आखूड काडतूस आणले. फेरकोरणीने मिळणाऱ्या वेगाच्या जवळपास पोहोचणारी रायफल आता थेट दुकानात मिळू लागली व फेरकोरणीचे मुख्य कारण दुबळे झाले. त्यानंतर लांब पल्ल्याविषयीची कल्पनाच बदलली. सुरुवातीचा वेग हवेच्या रोधाने झपाट्याने घटतो. लांब, निमुळती व जड गोळी तो अधिक काळ टिकविते. अशी गोळी स्थिर राहण्यासाठी आट्यांचा पीळ अधिक घट्ट असावा लागतो आणि फेरकोरणीने पीळ मुळीच बदलत नाही. २००७ मधील ६·५ क्रीडमूर हे मध्यम आकाराचे काडतूस याच विचारातून घडले. दारूची कोठी लहान ठेवून गोळी व पीळ यांवर त्यात भर दिला आहे.

म्हणून नवी रायफल फेरकोरण्याचा निर्णय तीन प्रश्नांवर ठरतो : रायफलीची रचना वाढीव दाब सहन करण्याजोगी आहे काय, नव्या काडतुसाचा बुडाचा व्यास, लांबी व गोळी तिला जुळते काय, आणि हवा असलेला लाभ गोळी, पीळ वा सराव यांनी मिळण्यासारखा नाही काय. दूर अंतरावरून झाडलेली गोळी चुकीच्या जागी लागल्यास जनावर जखमी होऊन निसटते व यातना भोगत मरते. कोठीतील वाढीव दारू हा दोष दूर करीत नाही. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर होकारार्थी व तिसऱ्याचेही ‘नाही’ असे असेल, तरच फेरकोरणी समर्थनीय ठरते. अन्यथा नळी अखंड ठेवणे, किंवा बदल अपरिहार्य असल्यास मूळ नळी जपून ठेवून नवी नळी बसविणे, हाच अधिक शहाणपणाचा मार्ग होय.