पिंगलवाडा ते ‘केअर-गिव्हर’: निवासी शुश्रूषेच्या इतिहासातील अनाम हात

मोहालीची वस्ती चंदीगडच्या हद्दीला जेथे भिडते, तेथे पलसोरा येथे अमृतसरच्या ‘पिंगलवाडा’ या संस्थेची शाखा आहे. मराठी कानाला हे नाव प्रथम चकवते. आपल्याकडे पिंगळा म्हणजे पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा भिक्षेकरी. पंजाबीत मात्र ‘पिंगला’ म्हणजे पांगळा. मराठीत या शब्दाचा सगोत्र ‘पांगुळ’ संतरचनांमध्ये जीवाच्या असहायतेचे रूपक होऊन येतो. परंतु रूपकातील पांगळ्याला भरवावे, न्हाऊ घालावे, रात्री कूस बदलून द्यावी लागत नाही. वाड्यातील पांगळ्याला ते सारे लागते. हे काम करणाऱ्या व्यक्तीची दखल वाङ्मयाने कशी घेतली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

पिंगलवाड्याचे संस्थापक भगत पूरणसिंह (१९०४–१९९२) हे मुळात स्वतःच शुश्रूषक होते. १९३४ साली लाहोरच्या डेरा साहिब गुरुद्वाऱ्यात सुमारे चार वर्षांचे एक विकलांग मूल कोणी सोडून गेले. पूरणसिंहांनी त्याचे नाव पिआरासिंह ठेवले आणि सुमारे चौदा वर्षे त्याला पाठीवर वाहिले. १९४७ मध्ये फाळणीनंतर ते अमृतसरला आले, तेव्हाही ते मूल पाठीवर होते. तेथील निर्वासितांच्या छावणीत त्यांनी आजारी व निराधारांची सेवा आरंभिली. पुढे १९५७ साली संस्थेची नोंदणी झाली.

महाराष्ट्रातील समांतर उदाहरण बाबा आमटे यांचे. वरोऱ्यात मैला वाहताना पावसात पडलेला कुष्ठरुग्ण तुळशीराम त्यांना दिसला. ते प्रथम भयाने पळाले आणि मग परतले. त्या परतण्यातूनच पुढे आनंदवन उभे राहिले. दोन्ही आख्यानांची घडण एकच आहे. एका दुर्बल देहाशी गाठ पडते, त्या स्पर्शाने नायकाचे जीवन पालटते आणि संस्था जन्मते. हे चरित्रवाङ्मय थोर आहेच. परंतु त्याची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. शुश्रूषेचे काम संस्थापकाच्या हातून होते, तोवरच ते कथेत येते. पिआरासिंह किंवा तुळशीराम यांच्या बाजूने ही कथा सांगितली जात नाही. साधनाताई आमटे यांच्या ‘समिधा’ या आत्मकथनामुळे संस्थापकाच्या शेजारचे माणूस बोलू लागले. तरी वेतनावर काम करणारी सेविका मुकीच राहिली.

संस्था वाढते तसा हा भार पगारी हातांकडे जातो. पंजाबीतील ‘सेवादार’ आणि मराठीतील ‘सेविका’ या दोन्ही शब्दांत ‘सेवा’ आहे. हा शब्द कामाला प्रतिष्ठा देतो. परंतु सेवा म्हटली की मोबदल्याची भाषा अशोभनीय ठरते, आणि कामाचे तास, पाठदुखी, रात्रपाळी यांना वाङ्मयात जागा उरत नाही.

हा अनामिक हात सार्वजनिक चर्चेत येतो तो बहुधा अपराधाच्या निमित्ताने. चंदीगडच्या एका शासकीय निवासी संस्थेत बौद्धिक विकलांगता असलेल्या तरुणीवर अत्याचार झाला व ती गर्भवती राहिली. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. २८ ऑगस्ट २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या संमतीवाचून तो करता येणार नाही, असा निर्णय दिला. शुश्रूषेच्या इतिहासात हे वळण महत्त्वाचे आहे. ‘पाठीवर वाहणे’ या प्रतिमेत वाहिल्या जाणाऱ्याला विचारण्याची सोय नव्हती. न्यायालयाने ती निर्माण केली.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ‘केअर-गिव्हर’ची व्याख्या केली. आईवडील व कुटुंबीय यांच्यासह, मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी घेणारी, मदत करणारी कोणतीही व्यक्ती तीत येते. माता आणि पगारी मदतनीस एकाच वाक्यात आल्या, हा या व्याख्येचा उदारपणा. दोघींच्या परिस्थितीतील अंतर त्यात पुसले गेले, ही तिची उणीव.

तौलनिक अभ्यासाने यापुढे संस्थापकांच्या चरित्रांबरोबरच संस्थांच्या हजेरीपटांकडे आणि रात्रपाळीच्या नोंदवह्यांकडेही वळले पाहिजे. कोणी भरवले आणि भरवण्यापूर्वी कोणी विचारले, हे तेथे कदाचित सापडेल.