देवीला सोडलेल्या मुली आणि एक कादंबरी

निपाणीत तंबाखूच्या वखारींमागच्या गल्लीत मी वाढले. माघी पौर्णिमा जवळ आली की सौंदत्तीच्या डोंगराकडं निघालेल्या ट्रकांतून चौंडकं या वाद्याचा ठेका ऐकू यायचा. कपाळी भंडारा, हाती परडी, तोंडी ‘उदं गं आई’. पोरीच्या केसांत जट दिसली की यल्लम्मानंच, म्हणजे रेणुकादेवीनंच, तिला मागितलं, असं घरचे धरून चालत. गळ्यात मणी बांधून तिला देवीला सोडत. मग लग्न नाही, आणि गावातल्या पैसेवाल्याचा हात धरणं मात्र ठरलेलं. मार्गशीर्षातल्या रांडाव पौर्णिमेला बांगड्या फोडायच्या, अहेव पौर्णिमेला पुन्हा भरायच्या.

या देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. आमचा बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात होता तेव्हा १९३४ चा, पुढं कर्नाटकाचा १९८२ चा. गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात देवदासींसाठी कार्यकर्ते राबले. त्यांचं ऋण मोठं आहे. पण त्यांचं पत्रक हातात पडलं की आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना आईची निंदा झाल्यासारखं वाटायचं, आणि बोलणं तिथंच संपायचं.

१९८५ साली राजन गवस यांची ‘चौंडकं’ आली. देवीला सोडलेल्या मुलीची ही कादंबरी आमच्याच मुलखाच्या बोलीत बोलते. पुढं मी मराठी शिकवायला लागले आणि ती वर्गात वाचली. चर्चा कायद्यावरून सुरू झाली खरी, पण मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, रेणुकेचं डोकं नवऱ्याच्या रागापायी पोरानंच उडवलं. जिनं एवढं सोसलं, ती दुसऱ्याची पोर कशाला मागंल?” तिच्या आजीच्या डोक्यात जट होती. त्या मुलीनं देवीला नाकारलं नव्हतं. देवीच्याच कथेतून देवीच्या नावावर चाललेल्या व्यवहाराला जाब विचारला होता. एवढा नेमका धर्मविचार मी व्याख्यानांतही क्वचितच ऐकला.

पाठोपाठ १९८६ ला उत्तम बंडू तुपे यांची याच विषयावरची ‘झुलवा’ आली. वामन केंद्रे यांनी ती रंगभूमीवर नेली. १९८८ च्या ‘भंडारभोग’मध्ये गवसांनी जोगत्याचं, म्हणजे देवीला सोडलेल्या पुरुषाचं, दुःख मांडलं, म्हणजे पुरुषाच्या देहावरही तीच सक्ती होती हे पुढं आलं. २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटाला गवसांच्या लेखनाचाही आधार होता. पण चित्रपटातली गाणी लक्षात राहतात, प्रश्न निसटतात. त्यासाठी पुस्तकाशीच बसावं लागतं.

सीमाभागातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: ‘चौंडकं’ वर्गात मोठ्यानं वाचा, आणि घरात परडी असलेल्या मुलांना आधी बोलू द्या.