डिप्रेस्ड, सप्रेस्ड, ऑप्रेस्ड : तीन शब्दांचा इतिहास

इंग्रजी कोशात हे तीन शब्द एका कुळातले. तिघांचेही मूळ 'दाबणे' या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. आमचे विद्यार्थी त्यांपैकी कोणताही शब्द कोणत्याही जागी बसवतात. पण अस्पृश्यांच्या इतिहासात या शब्दांमधला फरक केवळ परीक्षेच्या गुणांपुरता राहिलेला नाही.

'डिप्रेस्ड' म्हणजे खचलेला. जमीन खचून झालेल्या खोलगट भागालाही इंग्रजीत याच कुळातला शब्द आहे. त्यात अवस्था दिसते, ती कोणी आणली हे दिसत नाही. 'सप्रेस्ड' म्हणजे दडपलेला. बंड दडपतात, बातमी दडपतात. जे वर येऊ पाहते तेच दडपावे लागते. 'ऑप्रेस्ड' म्हणजे जुलमाखाली भरडलेला. येथे सत्ता आली, अन्याय आला, आणि अन्याय करणाराही आला.

सरकारदरबारी रूढ झाला तो यांतला पहिला शब्द, 'डिप्रेस्ड क्लासेस'. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' काढले. त्याचे मराठी नाव 'निराश्रित साहाय्यकारी मंडळी'. शिंद्यांच्या तळमळीविषयी शंका नाही. पण निराश्रिताला आश्रय द्यावयाचा असतो, त्याचा हक्क मान्य करावा लागत नाही. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली. इंग्रजीत तिला 'डिप्रेस्ड क्लासेस इन्स्टिट्यूट' म्हणत. इंग्रजी शब्द तोच, पण मराठी शब्दाने अर्थ पार बदलला. बहिष्कृत म्हटले की बहिष्कार घालणारा समोर उभा राहतो.

गांधीजींनीही १९२० साली विवेकानंदांचा 'सप्रेस्ड' हा शब्द अधिक अचूक असल्याचे लिहिले होते. पुढे १९३३ मध्ये त्यांचे 'हरिजन' साप्ताहिक निघाले. या नव्या नावात दाबलेला माणूस नाही आणि दाबणाराही नाही.

१९३१ मध्ये, दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव अपमानकारक असल्याचे लेखी कळवले. त्याऐवजी त्यांनी 'प्रोटेस्टंट हिंदू', 'नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू' अशी नावे सुचवली. या नावांतला माणूस सोसत नाही, नकार देतो. १९३२ मध्ये लोथियन समितीपुढील टिपणात बाबासाहेबांनी आणखी एक मुद्दा मांडला. 'डिप्रेस्ड' या शब्दाने हा समाज दीन व असहाय असल्याचा ग्रह होतो. प्रत्यक्षात प्रत्येक प्रांतात त्यात सुस्थितीतले आणि शिकलेले लोकही आहेत. म्हणजे प्रश्न दारिद्र्याचा नव्हे, विटाळाचा आहे. म्हणून त्यांनी 'एक्सक्लूडेड' हा शब्द पुढे केला. हा तर आपला 'बहिष्कृत'च!

सरकारने यांतले काहीच घेतले नाही. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्द आला आणि पुढे तोच राज्यघटनेत कायम झाला. शेड्यूल म्हणजे यादी. या यादीने हक्क दिले, तिचे मोल कमी लेखता कामा नये. पण माणूस यादीत का आला, हे यादी सांगत नाही.

ते सांगण्याचे काम 'दलित' या शब्दाने केले. 'दल्' म्हणजे फोडणे, भरडणे. 'ऑप्रेस्ड'चा अर्थ तोच पेलतो, आणि १९७२ मध्ये पँथरच्या तरुणांनी तो अभिमानाने मिरवला. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना 'दलित' टाळून 'अनुसूचित जाती' हा घटनात्मक शब्द वापरण्याचा सल्ला दिला. दाखल्यावर तो शब्द हवाच. दाखल्याखेरीज शिष्यवृत्ती नाही. पण अत्याचाराच्या बातमीत नुसता यादीतला शब्द ठेवला, तर अत्याचार कोणत्या व्यवस्थेने केला हे वाचकाला कसे कळणार?

म्हणून निवेदन लिहिणाऱ्या कार्यकर्त्याने, भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्याने आणि धडा शिकवणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारावा : यात कर्ता दिसतो की लपतो?