भरतीची तयारी करताय? करा, पण 'नाही तर' काय हेही ठरवा. परभणीच्या तरुणांसाठी नोकरीची सविस्तर माहिती

परभणी : पहाटे जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या रस्त्यानं जा, दहा-पाच पोरं पळताना दिसतातच. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी अग्निवीरसाठी. दिवस उजाडला की हीच पोरं तालुक्याच्या अभ्यासिकेत. घरून महिन्याला तीन-चार हजार येतात, ते कापसाच्या नाही तर सोयाबीनच्या पैशातून. असं एक वर्ष जातं, दोन जातात, पाच जातात. मग एक दिवस वय संपतं आणि हातात बी.ए.च्या कागदाशिवाय काहीच नसतं.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. पण तिच्यातल्या 'नहीं तो' चा विचार आपण शेवटी करतो. तो आधी करायचा असतो. भरतीची तयारी सोडा असं इथं कुणी सांगत नाही. तयारी करता करता पोट भरेल असा एक कागद हातात कसा घ्यायचा, त्याची ही माहिती आहे. मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

आधी आकडे बघा

२०२३ च्या तलाठी भरतीत जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. म्हणजे एका जागेमागं दोनशेच्या वर अर्ज. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले, म्हणजे एका जागेमागं साधारण शंभर.

यातले बरेच जण नुसता फॉर्म भरणारे असतात, हे खरं. काहींचे एकापेक्षा जास्त अर्जही असतात. तरीही जे मनापासून अभ्यास करतात त्यातल्याही बहुतेकांची निवड होत नाही, कारण जागाच तेवढ्या नाहीत. निवड झाली नाही म्हणजे पोरगं नालायक, असं घरच्यांनीही समजू नये.

वयाचा हिशोब कागदावर मांडा

पोलीस शिपाई पदासाठी बारावी पास लागते. खुल्या गटाला वय १८ ते २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत. राज्य सरकारच्या बाकी बऱ्याच पदांना खुल्या गटासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ पर्यंत मुभा आहे. अग्निवीरची मुदत चार वर्षांची असते आणि चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवानांनाच पुढे कायम करतात. तिथं गेलात तरी नंतरचं ठरवावंच लागतं.

३८ पर्यंत फॉर्म भरता येतो म्हणून ३८ पर्यंत घरी बसायचं नसतं. स्वतःची एक तारीख ठरवा. "अमुक वर्षापर्यंत पूर्ण वेळ तयारी, त्यानंतर काम करत करत तयारी," असं वहीत लिहा आणि घरच्यांना दाखवा. घरच्यांनाही त्याचा धीर येतो.

एक कागद, दोन दारं : आयटीआय

"आयटीआय म्हणजे कमी मार्कांच्या पोरांसाठी," हा गैरसमज आधी काढून टाका. आयटीआयच्या कागदावर खासगी नोकरी तर मिळतेच, सरकारी भरतीचंही दार उघडतं. आणि या दारात बी.ए. झालेल्यांची गर्दी नसते.

- महावितरणच्या विद्युत सहायक पदाला बारावीबरोबर इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं आयटीआय लागतं. पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर काढावी लागतात.
- रेल्वेत असिस्टंट लोको पायलटसाठी दहावी आणि ठरावीक ट्रेडचा आयटीआय चालतो.
- रेल्वेतच शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना रेल्वेच्या लेव्हल-१ (जुनं नाव ग्रुप डी) भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत. आपला जिल्हा दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो, त्यामुळे सिकंदराबादहून निघणाऱ्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पूर्णा, परभणी, गंगाखेडच्या मुलांनी तर ठेवाच.

दहावीचा निकाल लागला की आयटीआयची प्रवेश प्रक्रिया ऑनलाइन सुरू होते. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा एक वर्षाचे. काही ट्रेडना दहावी नापास मुलांनाही प्रवेश मिळतो. आधी सरकारी आयटीआयचा पर्याय भरा. खासगीत जायचं असेल तर त्या ट्रेडला एनसीव्हीटीची मान्यता आहे का, हे फी भरायच्या आधी तपासा.

पुढं शिकायचा रस्ताही बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुलांनीही लाज न बाळगता आयटीआयला जावं. ही पायरी उतरणं नाही, कामाचा कागद मिळवणं आहे.

शिकाऊ उमेदवारी : पगार देणारी शाळा

आयटीआय झाल्यावर थेट ठेकेदाराकडं हेल्पर म्हणून लागू नका. आधी अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी करा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. साधारण वर्षभर काम शिकायला मिळतं आणि दरमहा विद्यावेतन मिळतं. शेवटी परीक्षा पास झालात की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. एसटी, महावितरण, रेल्वे आणि खासगी कारखाने सगळीकडं ही भरती होते. नोंदणी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर फुकट आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. शिकाऊ उमेदवारी म्हणजे नोकरी नाही. वर्ष संपल्यावर कंपनीनं ठेवून घेतलंच पाहिजे असं बंधन नसतं. राज्य सरकारनं २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेचंही तसंच. बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार आणि पदवीला १० हजार विद्यावेतन ठरलं होतं, पण ते प्रशिक्षण होतं. अशा ठिकाणी गेलात तर अनुभवाचा दाखला घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

कागदपत्रांची पिशवी आजच भरा

जाहिरात आल्यावर दाखल्यासाठी पळापळ करणाऱ्यांची संधी तिथंच जाते. आधीच तपासून ठेवा :

- दहावीची सनद, टीसी, आधार आणि पॅन यांवर नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का?
- अधिवास प्रमाणपत्र, जात प्रमाणपत्र आणि जात वैधता. वैधतेला वेळ लागतो, म्हणून बारावीतच अर्ज करा.
- नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस. या दाखल्यांना मुदत असते. जाहिरातीत कुठल्या तारखेपर्यंतचा दाखला मागितलाय ते नीट वाचा. पास झालेली पोरं इथं बाद होतात.
- स्वतःचा मोबाईल नंबर आणि स्वतःचा ईमेल. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचा ईमेल टाकू नका. पासवर्ड त्याच्याकडं राहतो आणि हॉलतिकीट तुम्हाला दिसतच नाही.

दाखल्यांचा अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा गावच्या सेवा केंद्रावर करा आणि पावती घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं प्रत्येक अधिसूचित दाखल्याला मुदत घालून दिली आहे. मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येतं.

महास्वयम् पोर्टलवर रोजगारासाठी नावनोंदणी करून ठेवा. पूर्वी 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज' म्हणायचे ते कार्यालय आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झालं आहे. रोजगार मेळाव्यांची माहिती तिथंच मिळते.

पुणे-संभाजीनगरला जाण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

चाकण, रांजणगाव, वाळूज, शेंद्रा इथं आपल्या जिल्ह्याची पोरं कामाला आहेत. गावातला मित्र "ये, लावून देतो" म्हणतो आणि आपण रात्रीच्या गाडीनं निघतो. निघण्याआधी फोनवर एवढं विचारा :

१. मी कंपनीच्या रोलवर असणार की ठेकेदाराच्या?
२. सगळं कापून हातात किती येणार? ओव्हरटाइम धरून सांगितलेला आकडा पगार समजू नका.
३. पीएफ आणि ईएसआय कापतात का? पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयच्या कक्षेत असेल तर उपचाराची सोय मिळते.
४. शिफ्ट किती तासांची, सुट्टी कधी?
५. राहणं आणि जेवण कुणाचं?

समजा हातात १६ हजार येतात. खोलीचा वाटा ३ हजार, मेस साडेतीन हजार, येणं-जाणं आणि मोबाईल दीड हजार. उरतात ८ हजार. असा हिशोब घरी बसून करा, म्हणजे पहिल्याच महिन्यात परत यायची वेळ येत नाही. पीएफचा यूएएन नंबर स्वतःकडं ठेवा. नोंदवलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की खात्यात पैसे जमा होतात का ते कळतं. नोकरी बदलली तरी यूएएन तोच ठेवायचा.

गावातच राहायचं असेल तर

म्हातारे आई-बाप, जनावरं, शेती सोडून सगळ्यांनाच जाता येत नाही. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, बँकांमार्फत चालतात. शेळीपालन, दुग्धव्यवसाय, शिलाई, मोबाईल दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग असे बहुधा १० ते ४५ दिवसांचे कोर्स असतात. शिकणं, राहणं, जेवण सगळं फुकट.

धंद्यासाठी पीएमईजीपी योजनेत ग्रामीण भागात खुल्या गटातल्या पुरुषाला २५ टक्के आणि महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक यांना ३५ टक्के अनुदान आहे. समजा सेलू तालुक्यातल्या एखाद्या ताईंनी ४ लाखांचं शिलाई युनिट टाकलं, तर स्वतःचे २० हजार घालावे लागतील आणि अनुदान १ लाख ४० हजार. पण हे अनुदान रोख हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत अडकवून ठेवतात आणि धंदा चालू असेल तरच कर्जातून वजा होतं. कर्ज मंजूर करायचं की नाही हे बँक ठरवते. अर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा.

कृषी पदवी किंवा पदविका झालेल्यांसाठी अॅग्री-क्लिनिक योजना आहे. ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण आणि त्यानंतर कर्जावर अनुदान मिळतं. कृषी विद्यापीठ आपल्या दारात आहे, त्याचा फायदा घ्या.

मुलींच्या घरच्यांसाठी

"पोरीला कशाला एवढं शिकवायचं, फी कुठून आणायची?" हा प्रश्न आता बराच सुटला आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. राहण्या-जेवण्याचा खर्च यात येत नाही, त्याची सोय वेगळी बघावी लागते. आयटीआयमध्येही मुलींसाठी जागा राखीव असतात.

कुणी पैसे मागितले तर

"वरपर्यंत ओळख आहे, एवढे द्या, ऑर्डर घेऊन येतो." अशा बोलण्यावर लोकांनी एकराच्या भावात पैसे दिले आहेत. हाती आला तो खोटा नेमणूक आदेश, आणि जमीनही गेली. नीट ऐका : परीक्षा शुल्क जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि ते ऑनलाइन भरायचं असतं. त्यापलीकडं एक रुपयाही कुणाला द्यायचा नसतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार करावी लागते.

- कुणी सरकारी माणूस लाच मागत असेल तर १०६४ (लाचलुचपत प्रतिबंधक विभाग).
- ऑनलाइन फसवणूक झाली, टेलिग्रामवर 'टास्क' म्हणून पैसे भरले, तर लगेच १९३० ला फोन लावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाचण्याची शक्यता जास्त.
- खासगी नोकरीसाठी युनिफॉर्म, ट्रेनिंग, गेटपास अशा नावानं आगाऊ पैसे मागितले की तिथून उठा.

या आठवड्यात एवढं करा

सोमवारी कागदपत्रं एका पिशवीत घाला आणि नाव-तारखा तपासा. मंगळवारी महास्वयम् आणि अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा. बुधवारी तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन ट्रेड विचारा. आणि रविवारी घरच्यांसमोर बसून ती तारीख ठरवा. सोमवारपासून पहाटेचं पळणंही चालूच ठेवा. फरक एवढाच की आता 'नाही तर' ची भीती वाटणार नाही, कारण ते ठरलेलं असेल.