जोतीरावांची ठेकेदारी आणि नगरपालिकांची निविदा

आपल्या माळी समाजाच्या स्मरणिकेत महात्मा जोतीराव फुले यांचे छायाचित्र प्रथम पृष्ठावर असते आणि ते तसे असणे सर्वथा उचितच आहे. १८४८ सालची मुलींची शाळा, १८६८ साली अस्पृश्यांस मोकळा केलेला घरचा हौद, २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापिलेला सत्यशोधक समाज, हा इतिहास आपल्या घराघरांतील मुलांस तोंडपाठ आहे. परंतु हा सर्व खटाटोप चालू असताना जोतीरावांची चूल कशावर पेटत होती, या प्रश्नाचे उत्तर फार थोड्यांस देता येते. जोतीराव ठेकेदार होते. दगड, चुना, मजुरांचा हजेरीपट आणि बांधकाम खात्याची देयके यांत त्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे गेली.

हा विषय यंदा घेण्यास एक कारण घडले. आपल्या अनेक कुटुंबांतील तरुण स्थापत्याची पदविका घेऊन बाहेर पडत आहेत, आणि समाजाच्या बैठकीत त्यांच्या वडीलमंडळींकडून एकच वाक्य वारंवार ऐकू येते, की नगरपालिकेत आपला माणूस असल्यावाचून टेंडर मिळत नाही, तरी मंडळाने अमुक नगरसेवकांस चिठ्ठी द्यावी. या मागणीवर रागावण्याचे कारण नाही. अनुभवावाचून असे कोणी बोलत नसते. तथापि निविदा नावाची वस्तू मुळात कोणाच्या उपयोगासाठी निर्माण झाली, हे त्या तरुणांस ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत सरकारी हक्काचा लिलाव होत असे. परगण्याचा वसूल जो अधिक रक्कम कबूल करील त्यास इजाऱ्याने दिला जाई, आणि मग तो इजारदार रयतेकडून ती रक्कम सव्याज काढी. इंग्रजी अंमलात १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खाते स्वतंत्रपणे उभे राहिले आणि निराळ्या प्रकारचा मक्ता पुढे आला. येथे सरकारास पैसे द्यावयाचे नसून सरकारकडून घ्यावयाचे होते. सबब जो कमी मागेल त्याचा दावा मोठा. रेल्वे, छावण्या, पूल, कालवे यांची कामे एकामागून एक निघू लागली. दगड कोणत्या खाणीचा टिकाऊ, चुना किती दिवस मुरवावा, शंभर माणसांकडून दिवसात किती खोदाई होते, हे ज्ञान पोथीत नव्हते. ते हाताने कष्ट करणाऱ्या जातींपाशी होते. हा नवा धंदा आपल्यासारख्यांस खुला झाला तो या ज्ञानामुळे. ओळखदेखीचा त्यात फारसा भाग नव्हता, कारण कचेरीत आपल्या ओळखीचे होतेच कोण?

जोतीरावांचे चरित्रकार ‘पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी’ या त्यांच्या भागीदारीच्या पेढीचा उल्लेख करतात. कात्रजचा बोगदा व येरवड्याचा पूल ही कामे तिच्या नावे सांगितली जातात. खडकवासल्याच्या धरणास दगड पुरविण्याचे कामही जोतीरावांनी केले. या कामांनी त्यांस दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे कोणाच्याही नोकरीचे ओझे नसलेली मिळकत; सरकारी शिक्षकास अगर संस्थानच्या कारकुनास ‘गुलामगिरी’ लिहून छापणे परवडले नसते. दुसरी म्हणजे बांधकाम खात्याच्या आतल्या व्यवहाराची खडान्‌खडा माहिती. १८७३ सालच्या त्या ग्रंथात इंजिनिअर खात्यातील अंमलदारांच्या लबाडीवर स्वतंत्र पवाडा आहे. शेत्यात उभे राहून ज्याने मजुरी वाटली, त्यासच असा पवाडा रचता येतो. ठेकेदारीत राहून ठेकेदारीचे दोष चव्हाट्यावर मांडणारा असा दुसरा ठेकेदार आम्हांस आढळला नाही.

जोतीरावांच्या या धंद्यातील स्नेही मुंबईस होते, आणि आपल्या समाजाने त्यांचे ऋण विसरू नये. कामाठीपुऱ्याच्या परिसरात स्थायिक झालेले तेलुगू भाषक कष्टकरी गवंडीकाम व पाथरवटकाम करीत करीत बांधकामाच्या ठेक्यांत शिरले. त्यांपैकी व्यंकू बाळोजी काळेवार, रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू ही मंडळी सत्यशोधक समाजाची आधारस्तंभ झाली. समाजास छापखाना घेऊन दिला तो या मुंबईकर तेलुगू सभासदांनी. भाषा निराळी, ज्ञाती निराळी. परंतु पैसा आला तो त्यांच्या ठेक्यांच्या नफ्यातून. बोरीबंदरासमोर आज दिमाखाने उभी असलेली मुंबई महापालिकेची इमारत पाहावी. ९ डिसेंबर १८८४ रोजी लॉर्ड रिपन यांनी तिचा पाया घातला, आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, आणि १८९३ साली ती पूर्ण झाली. तिचे ठेकेदार हेच व्यंकू बाळोजी काळेवार. अकरा लक्षांहून अधिक रुपयांचे काम, आणि ते मूळ अंदाजापेक्षा कमी खर्चात पुरे झाले, ही गोष्ट हल्लीच्या वाचकांस दंतकथा वाटेल!

ते कमी खर्चात का झाले, याचे एक उत्तर ठेकेदाराच्या सचोटीत आहे आणि दुसरे कायद्यात आहे. १८६५ साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झालेले ऑर्थर क्रॉफर्ड हे कर्तबगार गृहस्थ. रस्ते, मंडई, गटारे यांचा त्यांनी धडाका लावला. पण खर्चावर डोळा ठेवणारा कोणी नसल्याने म्युनिसिपालिटी कर्जात बुडाली, करदात्यांनी १८७१ साली मोठी चळवळ केली आणि क्रॉफर्ड यांस जावे लागले. १८७२ च्या कायद्याने निवडलेले सभासद आले, आणि १८८८ च्या कायद्यात कंत्राटांचे नियम बारकाईने बांधले गेले. ठरावीक रकमेवरील काम देण्यापूर्वी किमान सात दिवस अगोदर स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात देऊन निविदा मागवाव्यात, हे त्या कायद्याच्या ७२ व्या कलमाचे मर्म. तसेच ज्याचा पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध आहे तो सभासद राहण्यास अपात्र, असाही दंडक त्यात आहे. पुढे राज्यातील इतर महानगरपालिकांच्या व नगरपरिषदांच्या कायद्यांतही तो आला. ज्या नगरसेवकांस चिठ्ठी देण्याविषयी आम्हांस सांगण्यात येते, त्यांस ती कोणत्या संकटात लोटू शकते, याचाही विचार व्हावा.

जोतीराव स्वतः १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. त्या सुमारास शहरात मोठी मंडई बांधण्याचा विषय निघाला. जोतीराव आणि हरी रावजी चिपळूणकर यांनी या खर्चास विरोध केला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. एका ठेकेदाराने मोठे बांधकाम नको म्हणावे, यातच सर्व आले. त्यांचे मत मानले गेले नाही. मंडई झाली, वासुदेव बापूजी कानिटकर यांनी ती बांधली, आणि १८८६ साली गव्हर्नर रे यांचे नाव तिला मिळाले. दैवगती अशी, की पुण्याची ती रे मार्केट आणि मुंबईची क्रॉफर्ड मार्केट, या दोन्ही मंडया आज महात्मा फुले यांच्याच नावाने ओळखल्या जातात. आपले भाजीवाले बांधव तेथे पहाटे गाळा उघडतात, तेव्हा ही हकीकत त्यांच्या कानी असावी.

१८८२ साली रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, १८८४ साली लोकल बोर्डे झाली, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावरस्ता, शाळाखोली, पाझर तलाव ही कामे त्यामुळे तालुक्याच्या पातळीवर उतरली. मजुरांच्या सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी शासनाने वेळोवेळी कामांचा ठरावीक वाटा राखून ठेवला. आपल्यांपैकी काहींनी अशा संस्था काढल्या. पण काही ठिकाणी सभासदांच्या यादीतील मजूर कागदावरच राहिले, आणि ‘गुलामगिरी’तील पवाड्याचा विषय आपल्याच घरी आला. हे लिहिताना आम्हांस संकोच होतो, पण लिहिले पाहिजे.

आता तरुणांसाठी आजची रीत. पूर्वी जाहिरात वृत्तपत्रात व कचेरीच्या फलकावर लागे. आता ती ‘महाटेंडर्स’ या शासकीय संकेतस्थळावरही येते. तेथे नोंदणी करून डिजिटल सही घ्यावी. मालपुरवठा करणाऱ्यांनी २०१६ साली सुरू झालेल्या ‘जेम’ बाजारपेठेतही नाव घालावे. बांधकामासाठी आपापल्या वर्गातील ठेकेदार नोंदणी आधी हवी, आणि ती लहान वर्गापासून चढत जावी. निविदेची सूचना निघाल्यावर शुद्धिपत्रक निघाले काय, हे शेवटच्या दिवसापर्यंत पाहावे. पुष्कळांचे अर्ज तेवढ्यावरून बाद होतात. तांत्रिक लिफाफा आधी उघडतो, आणि त्यात एक दाखला कमी असला तर दराचा लिफाफा उघडतच नाही. उद्यम नोंदणी असलेल्यांस मालाच्या निविदांत बयाणा रकमेची सूट बहुधा मिळते. बांधकामात ती गृहीत धरू नये.

दर भरण्याविषयी मात्र शिक्षक या नात्याने थोडे सविस्तर सांगतो. टक्केवारीच्या निविदेत अंदाजपत्रक दहा लक्षांचे असले आणि आपण शेकडा ८ कमी लिहिले, तर हाती ९ लक्ष २० हजारच येणार. त्यातून कर, विमा, कामगार उपकर वजा होणार. दरसूचीतील खडीचा दर जवळच्या खाणीचा धरलेला असतो; आपल्या कामाची खाण दूर असली तर वाहतूक आपल्या पदरची. फार कमी दर भरल्यास जादा अनामतही ठेवावी लागते. इर्षेने वीस टक्के कमी भरणारा पुढे सिमेंटात तरी कमी करतो, नाही तर मजुरीत तरी. मोजमाप पुस्तकात नोंद होताना स्वतः हजर राहावे, आकडे वाचावेत आणि मगच सही करावी. आपल्या आजोबांनी आंगठे उठविले ते त्यांस वाचता येत नव्हते म्हणून.

काम पुरे झाले की अनामत रक्कम दोष दायित्व कालावधी संपेपर्यंत कचेरीत अडकून असते. तो कालावधी केव्हा संपतो, हे करारनाम्यात लिहिलेले असते. ती तारीख घरच्या दिनदर्शिकेवर तांबड्या शाईने नोंदवून त्याच आठवड्यात परताव्याचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी, कारण मागितल्यावाचून ती रक्कम परत येत नाही.