होका आणि ध्रुव

‘होकायंत्रा’तील ‘होका’ हा अरबी ‘हुक्का’, म्हणजे डबी, या शब्दापासून आला असावा. डबी आली ती सुईबरोबर. आणि हिंदी महासागरात सुई वापरल्याचे उल्लेख तेराव्या शतकापूर्वी आढळत नाहीत. परंतु इ. स. ९१६ च्या सुमारास अल् मसूदी चौलास आला, तेव्हा तेथे मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वसाहत होतीच. मग गलबते वाट कशी शोधीत?

पंधराव्या शतकातील इब्न माजिद ध्रुवाची उंची बोटांनी मोजण्याची रीत सांगतो. ती पुष्कळ जुनी असावी, असे आमचे मत आहे. चौल व लातूर दोन्ही सुमारे साडेअठरा अक्षांशांवर. लातूरच्या माळवदावर घेतलेले माप चौलासही लागू पडते. ओमानहून निघालेल्या नाखव्याने ध्रुव तेवढा खाली येताच पूर्वेस वळावे. ग्रीनलंडला जाणारे वायकिंगही एकच अक्षांश धरीत. मात्र त्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सहा अंशांहून अधिक दूर फिरत असे. म्हणून माप घेण्याची घटकाही ठरलेली असावी लागे.